उंबऱ्याबाहेरची वाइन

“ह्यात काय हाय?” दाजींनी विचारलं.

सोप्यातल्या टेबलावर तीन बाटल्या उभ्या होत्या आणि तिन्हींना आक्कानं हळदकुंकू लावलेलं होतं. पाहुणा दारात आला तसं तिनं त्याला ओवाळलं, त्याच्या गोऱ्या कपाळावर कुंकू टेकवलं. तेवढ्यात त्यानं बॅगेतून, लोकरीच्या पायमोज्यांत गुंडाळलेल्या बाटल्या काढून तिच्यापुढं धरल्या. आमच्याकडं नवा मिक्सर घरात आला तरी त्याला हळदकुंकू लागतं, मग साता समुद्रापलीकडून आलेल्या बाटल्यांनी काय पाप केलं होतं?

“द्राक्षाचा रस,” मी म्हणालो.

“किती दिसांचा?”

“झाली असतील दोनेक वर्षं.”

“दोन वर्षं द्राक्षाचा रस टिकतो व्हय रे, रेवण?”

मी पंख्याकडं बघितलं. दाजी म्हणजे गुरुपाद हेरलगे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सांगलीतले बेदाण्याचे अडते. सबंध आयुष्य द्राक्षं वाळवण्यात आणि वाळलेली द्राक्षं विकण्यात गेलेलं. त्यांना द्राक्षाविषयी थाप मारायची म्हणजे सोनाराच्या दुकानात जाऊन पितळ खपवायचं.

“दारू हाय,” दाजींनी स्वतःच निकाल दिला. “माझ्या घरात. कुंकू लावून.”

“अगं बया!” आक्का म्हणाली आणि बाटल्यांचं कुंकू पुसायला पदर घेऊन धावली. पण कुंकू पुसणं अपशकुनाचं, हे अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं. ती तिथंच थांबली आणि माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी काही दारू मीच गाळली होती.

पाहुणा हसतमुखानं उभा होता. त्याचं नाव मार्सेल बुस्के. दक्षिण फ्रान्समध्ये लाँगदोक नावाचा डोंगराळ, उन्हाचा मुलूख आहे, तिथं त्याचे द्राक्षमळे. तांबड्या वाइनचे. त्याचा मुलगा रेमी आणि आमची शैला, म्हणजे आक्का-दाजींची एकुलती एक लेक, ह्यांना लग्न करायचं होतं.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्या दिवशीचा उकाडा मला अजून आठवतो. दाजींनी शैलाला फ्रान्समध्ये मोंपेलिएला पाठवलं होतं ते द्राक्षाचं शास्त्र शिकून पोर बेदाणा वाळवायची नवी रीत आणेल म्हणून. पोरीनं आणला रेमीचा फोटो. दाजी म्हणाले, “दारू गाळणाऱ्याच्या घरात माझी पोर जायची न्हाई.” शैला म्हणाली, “तुमच्या होकाराशिवाय मी लग्न करणार नाही अण्णा, आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही.” दोघंही एकाच मातीचे. वर्ष-सव्वा वर्ष घरात ह्या विषयावर कुणी बोललं नाही आणि दुसऱ्या कुठल्या विषयावर कुणाला बोलवेना.

दाजींचा हट्ट नुसता हट्ट नव्हता. त्यांच्या चुलत्यांनी एक चांगला पिकता मळा दारूत घालवला होता. त्या वेळी दाजी शाळकरी पोर. त्यांच्या आईनं त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेऊन शब्द घेतला होता की ह्या नरड्याखाली थेंब उतरणार नाही. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. शब्द होता तिथंच होता.

आणि मग बुस्केनं फोन करून कळवलं, की मळ्यात फवारणी चालू आहे म्हणून रेमी येऊ शकत नाही, पण मी स्वतः येतो.

दुभाष्या मी. आमच्या पंपाच्या कारखान्यानं मला एकदा तुलूझला पाठवलं होतं. तिथं माझं फ्रेंच कॅन्टीनमध्ये तयार झालं, त्यामुळं खाण्यापिण्याचं मला सगळं बोलता येतं आणि बाकी आयुष्यातलं फारसं काही नाही. शैलाचं फ्रेंच माझ्यापेक्षा किती तरी सरस. पण लग्नाची बोलणी नवऱ्या मुलीनं स्वतः करायची नसतात, असं आक्काचं म्हणणं. म्हणून शैला स्वयंपाकघराच्या दारात, आणि मी सोप्यात, मधोमध.

“त्यांना म्हणावं, ह्या बाटल्या पिशवीत ठेवा,” दाजी म्हणाले.

मी म्हणालो, “दाजी म्हणतात, बाटल्या फार सुरेख आहेत, पण उन्हात खराब होतील. ठेवू या का परत?”

“मामा!” आतून आवाज आला.

बुस्केनं मान हलवली आणि तो खुर्चीत बसून शांतपणे बोलायला लागला. तो बोलत गेला तसा मला घाम फुटत गेला.

“काय म्हणतोय?” दाजी.

“म्हणतात… बायको वारली त्यांची. मुलाजवळच राहायचंय. म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य शैलाच्या हातचं जेवायचंय.”

“मग?”

“आणि उरलेलं सगळं आयुष्य जेवताना स्वतःची वाइन प्यायचीय. तर ह्या घरचं जेवण आणि त्यांची वाइन एकमेकांशी जुळतं का, ते बघायला आलेत. थोरल्या सुनेचं जुळलं नाही म्हणे. तिच्या माहेरी सगळ्यात साय घालतात. जेवणाच्या टेबलावर रोज भांडणं. शेवटी थोरला वेगळा निघाला.”

“आणि न्हाई जुळलं तर?”

मी बुस्केला विचारलं. त्यानं दोन्ही हात पसरले आणि ओठ पुढं काढले. त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

दाजींना वाटत होतं, परीक्षा आपण घेतोय. इथं तर गडी स्वतःच प्रश्नपत्रिका घेऊन आलेला.

तोड आक्कानं काढली. जेवण घराच्या आत, दारू घराच्या बाहेर, मध्ये उंबरा. दाजी आत सोप्यात पाटावर बसतील. पाहुण्याला बाहेर व्हरांड्यात खुर्ची-टेबल. मी दाराशी. ताट आतून बाहेर जाईल, पण बाटली बाहेरून आत येणार नाही. दाजींनी विचार केला आणि मान डोलावली. पाहुण्याला उपाशी घालवणं त्यांच्याही रक्तात नव्हतं.

बुस्केनं बाटलीला हात लावून बघितला आणि कपाळाला हात लावला. मे महिना, सांगली. “तांबडी वाइन इतकी गरम चालत नाही,” तो म्हणाला. मी सांगितलं तसं आक्कानं ओला पंचा आणून बाटलीला गुंडाळला, वर पाणी शिंपडलं आणि ती वाऱ्याला ठेवली. न्हाऊ घातलेल्या तान्ह्या पोरागत बाटली व्हरांड्यात पडून राहिली. बुस्केला ही रीत भलतीच आवडली. त्यानं बॅगेतून काचेचे दोन मोठे पेले काढले. ते त्यानं विजारीच्या पायांत गुंडाळून आणले होते.

आक्कानं दोन दिवस आधीपासून स्वयंपाकाला जुंपून घेतलं होतं. पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर, कुरडया, पापड, वर तुपाची धार. ताट बाहेर गेलं. बुस्केनं आधी नुसती वाइन ओतली, पेला गरागरा फिरवला, त्यात नाक घातलं, डोळे मिटले. मग एक घोट घेऊन तोंडात असा खळखळवला की आमच्या शेजारच्या कुलकर्णी काकू गच्चीवरून वाकून बघायला लागल्या. आणि मग शेजारच्या तपेलीत त्यानं तो घोट पचकन थुंकला.

“अगंबाई! आवडलं न्हाई त्यांना!” आक्काचं तोंड एवढंसं झालं.

“आक्का, अजून जेवलेत कुठं? वाइनच थुंकलीय.”

“स्वतःची? घरनं आणलेली? मग किती वाईट असंल ती!”

दाजी मात्र पाटावरून उठून दाराशी आले. आतल्या बाजूनंच, उंबऱ्याला पाय न लावता. “वाईट न्हाई,” ते म्हणाले. “चाखतोय त्यो. सौद्याच्या दिवशी आमी काय करतोय? एवढे नमुने तोंडात घालायचं ते गिळून चालतंय व्हय? जीभ मेली मग. चावायचं, चव घ्यायची, थुंकायचं.” आणि मग, नाइलाज झाल्यासारखं, “माणसाला काम येतंय.”

आता एकेक पदार्थ. बुस्केनं पुरणपोळीचा घास खाल्ला आणि त्याचा चेहरा उजळला. मग वाइनचा घोट घेतला आणि चेहरा मावळला. थुंकला. “नाँ,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“गोडावर त्यांची वाइन आंबट लागते.”

“मग दारू नका म्हणावं पिऊ,” आक्का म्हणाली.

कटाची आमटी. घास, घोट, तपेली. “नाँ.” चिंचेनं वाइन पाणचट केली. कोशिंबिरीतल्या दह्यानं ती गंजलेल्या खिळ्यासारखी लागायला लागली, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. मसालेभाताला त्यानं दोनदा संधी दिली, लवंग बाजूला काढून तिसऱ्यांदा दिली. “नाँ.”

दर नकाराला स्वयंपाकघराच्या दारातला शैलाचा चेहरा थोडा थोडा उतरत होता. ती वडिलांच्या भीतीनं वर्षभर झुरली होती. नकार ह्या बाजूनं येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

“हिरवं ते काय आहे?” बुस्केनं विचारलं. आक्का पाहुण्याला वाढताना खर्डा गाळून पुढं गेली होती, पण दाजींच्या ताटात तो होता आणि ह्याला दारातून दिसला होता. मी नको नको म्हणत असताना त्यानं मागवून घेतला आणि भाजीचा घास घ्यावा तसा घेतला. त्यावर वाइन.

माणूस लाल होतो म्हणजे किती लाल होतो हे मी त्या दिवशी बघितलं. तो उठून उभा राहिला. पुन्हा बसला. डोळ्यांतून धारा लागल्या. फ्रेंचमध्ये तो जे काही बोलला ते मला कॅन्टीनमध्ये कुणी शिकवलं नव्हतं, पण तिथं ऐकलेलं नक्की होतं.

“काय म्हणतोय?”

“म्हणतात, छान आहे. जोरदार आहे.”

“छान म्हणणाऱ्याच्या डोळ्याला धार कशापायी लागली?”

शैला आतून साखरेचा डबा घेऊन धावत आली आणि उंबरा ओलांडून बाहेर गेली. बुस्केनं साखर तोंडात टाकली, डोळे पुसले, आणि तिच्या हातावर हात ठेवून हळू आवाजात काही बोलला. ती मान खाली घालून परत आली.

“काय म्हणाला ग?” आक्कानं विचारलं.

“म्हणाले, पोरी, तू मला फार आवडलीस. पण मी काय करू?”

खरं म्हणजे दाजींनी इथं आनंदी व्हायला पाहिजे होतं. हवा होता तो नकार, तोही त्यांना द्यावा न लागता, आपल्या पायांनी चालून आला होता. मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली.

“म्हंजे? आमच्या जेवणाला नापास करतोय ह्यो?”

“तसं नाही दाजी, जुळत नाही एवढंच—”

“जुळत न्हाई? हेरलग्यांच्या घरच्या जेवणाशी त्याची दारू जुळत न्हाई? रानातला दगड चाखून माती सांगणारी माणसं आमी. आण हिकडं ती.”

“काय?”

“दारू. वास घेतो मी. वास घ्यायला काय शब्द मोडत न्हाई.”

मी पेला दारातून धरला. दाजी आत, पेला बाहेर, नाक तेवढं उंबऱ्यावर. त्यांनी बेदाणा हुंगतात तसं आधी लांबून हुंगलं, मग जवळून, मग मान वळवून मोकळी हवा घेऊन पुन्हा. बुस्के खुर्चीत ताठ झाला. आपल्या धंद्यातला माणूस कुणाला ओळखता येत नाही?

“उन्हात वाळल्यालं झुडूप हाय ह्यात,” दाजी डोळे मिटून म्हणाले. “माळावरलं. रानतुळस चुरगाळली की येतो तसला वास. ऊन लागल्याला.”

मी सांगितलं. बुस्केचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या मळ्याच्या चारी बाजूंनी टेकड्यांवर तसलीच वासाची झुडपं आहेत म्हणे, उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर त्यांचा वास सगळ्या वेलींवरून जातो.

“थांब म्हणावं, अजून हाय. खाली काय तरी काळं हाय. तेलकट. जरासं कडसर.” दाजींनी पुन्हा नाक घातलं. “माहिताय मला. रोज खातो मी हे. काय बरं… कारळं!”

“कारळं?”

“कारळं भाजल्यालं. आगं, कारळ्याची चटणी आण! आणि काल रातचं भरलं वांगं हाय का ऱ्हायल्यालं?”

आक्कानं दोन्ही हात कमरेवर ठेवले. “शुद्धीवर हाईसा का? येणाऱ्या व्याह्याला कारळ्याची चटणी घालू? आणि शिळं वांगं? गाव काय म्हणंल?”

तिचंही चुकत नव्हतं. आमच्याकडं पाहुण्याच्या ताटात घरातलं रोजचं काही जाता कामा नये. जे आपण रोज आवडीनं खातो ते पाहुण्यापासून लपवायचं, आणि जे वर्षातून चारदा होतं ते त्याच्या घशात उतरवायचं, ह्यालाच पाहुणचार म्हणतात.

“गाव न्हाई जेवाय आलंय. आण तू.”

चटणी आली. तिच्यात तिखट अगदी बेताचं, कारण दाजींचं पोट. लसूण मात्र भरपूर. काळी कुळकुळीत चटणी, कालचं वांगं गरम करून, त्यात तीळ आणि शेंगदाण्याचं कूट मुरलेलं, आणि तव्यावरची ज्वारीची भाकरी. आक्कानं ताट बाहेर नेताना पदरानं झाकलं होतं. कुलकर्णी काकू अजून गच्चीवरच होत्या.

भाकरी कशी मोडायची ते दाजींनी आतून करून दाखवलं. बुस्केनं तसा तुकडा मोडला, वांग्याला लावला, वरून चटणीत टेकवला आणि तोंडात घातला. चावला. बराच वेळ चावला. मग पेला उचलून घोट घेतला.

आम्ही तपेलीकडं बघत होतो. आता वाकेल, मग वाकेल. तो वाकला नाही. डोळे मिटलेले, जबडा हळूहळू हलतोय. मग त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

त्यानं डोळे उघडले, दुसरा तुकडा मोडला, दुसरा घोट घेतला. तिसरा. चौथ्या वेळी तो आपण कुठं बसलोय हे विसरला असावा.

“थुंकला न्हाई,” दाजी म्हणाले.

“नाही,” मी म्हणालो. “गिळली.”

“चारी डाव गिळली.” दाजी पाटावर मागं टेकून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा जो आनंद होता, तो बघून मला हसू आवरेना. पण लगेच त्यांचं त्यांनाच काही तरी आठवलं आणि चेहरा बदलला.

बुस्के आता थेट शैलाशी बोलत होता. तिकडं ही काळी चटणी करशील का? शैला म्हणाली, कारळं तिकडं मिळत नाही. “मी धाडते की!” आक्का आतून ओरडली, शैलानं ते सांगायच्या आधीच. भाषेचा प्रश्न तिला त्या दिवशी तेवढ्यापुरता सुटला होता. बुस्केनं हात छातीवर ठेवून काही तरी लांबलचक सांगितलं. माझ्या कॅन्टीनच्या फ्रेंचमध्ये त्याचा मतलब एवढाच, की माझ्याकडून होकार.

मग सगळे दाजींकडं वळले.

“रेवण,” दाजी घसा साफ करून म्हणाले, “त्याला आमच्या अडतीवरची एक रीत सांग. म्हणावं, सौद्याच्या वक्ताला समदे चाखून थुंकत्यात. पर एकादा चाखतो आणि गिळतो. का? तर आवडला, सोडवंना. मग त्यानं भावात कितीबी घासाघीस करू द्या, त्यो माल त्याचाच. गिळला की सौदा झाला. माझ्या बापापासनं चालत आलंय.”

“अण्णा!” शैला फणकारली. “मी काय बेदाणा आहे?”

“बेदाणा असतीस तर वर्षभर डोकं धरून बसलो नसतो.”

मी बुस्केला रीत सांगितली, शब्द न शब्द, ह्या वेळी काही न गाळता. त्यानं गंभीरपणे ऐकून घेतलं. मग दुसरा काचेचा पेला पुढं ओढला, त्यात बोटभर वाइन ओतली, उठला आणि उंबऱ्यापाशी येऊन दाजींपुढं धरला.

“म्हणतात, तुम्ही आईला दिलेला शब्द शैलानं रेमीला सांगितलाय, त्यामुळं मला ठाऊक आहे. प्या म्हणत नाही. पण तुमच्यासारखं नाक मी क्वचित बघितलं. नुसती चाखा आणि थुंका. मला त्यात काही वाईट वाटणार नाही.”

दाजी विचारात पडले. “थुंकली तर नरड्याखाली जात न्हाई,” ते स्वतःशीच म्हणाले. “शब्द नरड्याखालचा हाय.” त्यांनी चप्पल घातली, उंबरा ओलांडून व्हरांड्यात आले आणि पेला घेतला. आक्का “अहो, अहो” म्हणत दारापर्यंत आली आणि आतच थांबली.

दाजींनी घोट घेतला. बुस्केसारखाच तोंडात खळखळवला. त्यांच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या. बुस्केनं अदबीनं तपेली त्यांच्याकडं सरकवली.

दाजी वाकले, आणि वाकता वाकता थांबले.

त्यांनी मान वर केली. समोर शैला उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं, आणि ती वडिलांच्या तोंडाकडं बघत होती. आत्ताच सांगितलेली रीत तिनं ऐकली होती, मी ऐकली होती, आणि माझ्याच तोंडून बुस्केनंही ऐकली होती. तो तपेलीवरचा हात मागं घेऊन उभा राहिला. थुंकलं तर आईचा शब्द राहतो आणि सौदा मोडतो. गिळलं तर सौदा होतो आणि आईचा शब्द जातो. आणि तोंड भरलेलं, त्यामुळं एक अक्षर बोलायची सोय नाही.

दोन्ही गाल फुगवून दाजी तसेच उभे. डोळे गरागरा फिरतायत. माझ्याकडं बघितलं, मी काय सांगणार? बाटलीकडं बघितलं. आभाळाकडं बघितलं, तिथं कुलकर्णी काकू. मला हसू दाबवत नव्हतं आणि हसायची ही वेळही नव्हती. आमच्या शैलाचं सगळं आयुष्य त्या क्षणी दाजींच्या दोन गालांत होतं.

“गिळा की ओ!” आक्का ओरडली. सोमवार, एकादशी, संकष्टी काही न सोडणारी माझी बहीण. “पोर बघाय लागलीया! गिळा!”

दाजींनी डोळे घट्ट मिटले आणि गिळलं.

ते खोकले. छातीवरून हात फिरवला. पेला टेबलावर ठेवला. शैला जाऊन त्यांच्या खांद्याला लागली आणि हुंदके देऊन रडायला लागली. आक्का उंबऱ्याच्या आत रडायला लागली. मीही डोळे पुसले, आणि ते चटणीतल्या लसणावर ढकललं. बुस्के मात्र पक्का धंद्याचा माणूस, त्याला राहवेना. त्यानं विचारलं, कशी आहे?

“त्याला सांग,” दाजी शैलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तुरट हाय. चांगल्या द्राक्षाचं वाटोळं केलंयस म्हणावं. बेदाणा केला असता तर नाव निघालं असतं.”

“सांगू?”

“जसंच्या तसं सांग. आणि सांग, पोर दिली.”

मी सांगितलं. बुस्के पहिल्या वाक्यांना खदखदून हसला आणि शेवटच्याला त्यानं दाजींना मिठीच मारली. दाजींनी ती थोडा वेळ सोसली, मग मिठीतून सुटून ते नळाशी गेले, पाय धुतले आणि घरात आले. व्हरांड्यात हसणं-रडणं चालू होतं. ते भिंतीकडं तोंड करून पाटावर बसले आणि अगदी हळू म्हणाले,

“आईला काय सांगायचं, ते माझं मी बघतो.”

बाहेरून बुस्केनं विचारलं, काय म्हणाले ते? मी म्हणालो, काही नाही, भाकरी मागतायत.